इंग्रजी क्रियापदांची संगत

नोकरीच्या पहिल्याच वर्षी आई आजारी पडली, म्हणून मी चार दिवसांच्या रजेचा अर्ज केला. अर्ज इंग्रजीत होता. ‘आय मस्ट लुक ॲट माय मदर’ असे मी त्यात मोठ्या विश्वासाने लिहिले. साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, “आईकडे नुसते बघायला चार दिवस कशाला? बघा आणि संध्याकाळच्या गाडीने परत या.” भोवतालची मंडळी हसली. रजा मिळाली, पण आईच्या उशाशी बसल्यावरही ते वाक्य मनातून जाईना.

विद्यार्थी मित्रहो, चूक एका लहानशा शब्दाची होती. मराठीत ‘आईकडे बघणे’ म्हणजे नजर टाकणे आणि तिची देखभाल करणेही. इंग्रजीत हा भेद क्रियापदाशेजारचे शब्दयोगी अव्यय दाखविते. ‘लुक ॲट’ म्हणजे नजर टाकणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, तर ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणे. क्रियापद एकच, संगत बदलली की अर्थ बदलला.

आपण मात्र मराठी विभक्तीच्या वाटेने जातो. ‘त्याला विचार’ याचे ‘आस्क टु हिम’, ‘प्रश्नावर चर्चा करू’ याचे ‘डिस्कस ऑन द क्वेश्चन’ आणि ‘तिच्याशी लग्न केले’ याचे ‘मॅरीड विथ हर’ करतो. ही तिन्ही रूपे चूक आहेत. ‘आस्क हिम’, ‘डिस्कस द क्वेश्चन’, ‘मॅरीड हर’ एवढेच पुरे. उलट आपण गाणे नुसते ऐकतो, तर इंग्रजीत ‘लिसन’ला ‘टु’ लागतो. ‘वेट’ला ‘फॉर’ लागतो. ‘डिपेंड ऑन’ आणि ‘वर अवलंबून’ यांचा मेळ बसतो खरा, पण त्यावरून नियम बांधू नये.

आता ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’, ‘विल’ या सहायक क्रियापदांकडे वळू. मराठीत आपण ‘तो जाऊ शकतो, ती जाऊ शकते, ते जाऊ शकतात’ असे म्हणतो. ‘जाऊ’ स्थिर राहते आणि ‘शकणे’ बदलते. इंग्रजीत दोन्ही स्थिर राहतात: ‘ही कॅन गो’, ‘दे कॅन गो’. म्हणून ‘ही कॅन गोज’ नाही आणि ‘ही कॅन टु गो’ही नाही. ‘ऑट’ तेवढा ‘टु’ला बरोबर घेऊन येतो: ‘ही ऑट टु गो’.

हे सारे एका वाक्यात आले की खरी परीक्षा होते. ‘शी मस्ट लुक आफ्टर हर मदर’ हे बहुतेकांना जमते. प्रयोग बदलला की ‘हर मदर मस्ट बी लुक्ड’ एवढेच लिहून काही जण थांबतात. तेथे ‘लुक्ड आफ्टर’ हवेच. ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉर?’ या प्रश्नातही ‘फॉर’ शेवटी एकटा उरतो, तरी तो गाळता येत नाही.

तेव्हा क्रियापद कधी एकटे पाठ करू नये. वहीत ते त्याच्या सोबत्यासह आणि एका पूर्ण वाक्यात लिहावे. सोबती नसेल, तर तसेही वाक्य लिहावे.

दोन वर्षांनी वडिलांच्या आजारपणात मी पुन्हा रजेचा अर्ज केला. या वेळी ‘लुक आफ्टर’ लिहिले. साहेबांनी काही न बोलता सही केली.