पेरणारा आणि तिफण
(वाचन : मार्क ४:३-८)

जिंतूर तालुक्यातील एका खेड्यात पेरणाऱ्याच्या दाखल्याचा पाठ चालला असता एका वृद्ध शेतकऱ्याने विचारिले, "पाळकसाहेब, हा कसला पेरणारा? बी वाटेवर आणि खडकावर टाकतो!" प्रश्न रास्त होता. आपल्याकडे चाड्यात मूठ सोडली म्हणजे दाणा तिफणीच्या नळ्यांतून नेमका तासात पडतो. पालेस्ताईन देशात मात्र बी बहुधा हाताने फोकून पेरीत.

एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. "बी महाग आहे. दुबार पेरणी ज्याच्या नशिबी आली, तो असे टाकणार नाही." मग हलकेच म्हणाले, "माझा मुलगा तीन वर्षे उपासनेस आला नाही. तो वाटच असेल, तर त्याच्यावर मूठ सोडावी की नाही?"

सेमिनरीत मी हा दाखला जमिनीच्या चार प्रकारांचा म्हणून शिकलो. पेरणाऱ्याच्या मुठीकडे माझे लक्षच गेले नव्हते. प्रभूने त्याला कोठेही मूर्ख म्हटलेले नाही. शिवाय आपली काळी जमीन वैशाखात भेगाळून दगड होते आणि मृगाच्या पावसाने तीच मऊ होते, हे त्या वृद्धास माझ्याहून अधिक ठाऊक होते.

पाठ संपल्यावर ते म्हणाले, "संध्याकाळी त्याच्या घरी जाऊ. तुम्हीही चला."