धामणीचा रंग आणि तिचा स्वभाव

खळ्यावर किंवा बांधावर धामण निघाली कीं तिच्या जिवाचा निर्णय पुष्कळदां केवळ रंगावरून होतो. पिवळी दिसली तर नाग, काळी दिसली तर अधिकच जहरी, असें म्हणून काठी उचलली जाते. वस्तुतः धामण बिनविषारी आहे, आणि तिच्या बाबतींत रंगासारखा फसवा साक्षीदार दुसरा नाहीं. पिवळसर, हिरवट, तपकिरी, राखी व जवळजवळ काळी, अशा सर्व छटा या एकाच जातींत आढळतात. पिल्लांच्या अंगावर पुढील भागीं फिकट आडवे पट्टे असतात; मोठेपणीं ते पुसट होतात.

ओळख पटवावयाची ती दुरूनच. धामणीच्या ओठांवरील खवल्यांच्या कडा काळ्या असल्यामुळें तोंडाच्या बाजूस उभ्या रेघा ओढल्यासारखें दिसतें. डोळा मोठा, मान डोक्याहून बारीक. नाग डिवचला असतां फणा आडवा पसरतो. धामण कोंडली गेली तर गळा उभा फुगविते आणि गुरगुरल्यासारखा आवाज काढते. हा तिचा आवेश भीतीचा आहे. वाट मोकळी असेल तर ती प्रथम पळते. धरली तर मात्र कडकडून चावते. चावणारा साप कोणता याविषयीं किंचितही शंका असल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

धामण ही नागाची मादी, हा समजही खोटा; धामणींत नर व मादी दोन्ही असतात. एकमेकींना विळखे घालून उभ्या राहिलेल्या दोन धामणी म्हणजे बहुधा दोन नरांची झुंज होय. ती गाईचें दूध पिते म्हणतात. परंतु सापाच्या तोंडाची रचना चोखण्याजोगी नाहीं, आणि तिचे आंत वळलेले बारीक दांत सडास लागतांच कोणती गाय स्वस्थ उभी राहील?

अमेरिकेंत कोचव्हिप नांवाचा असाच लांब, चपळ व दिवसा फिरणारा बिनविषारी साप आहे. तो पूर्वेकडे पुढें काळा व मागें फिकट, तर पश्चिमेकडे पुष्कळदां तांबूस असतो. शेपटी विणलेल्या चाबकासारखी दिसते, म्हणून तो माणसास फटके मारतो अशी तिकडील समजूत; आपल्याकडे धामणीच्या शेपटीविषयीं तेंच ऐकूं येतें! तिकडे कोणी कोणी तो पाळतात, पण त्याचा बुजरेपणा सहसा जात नाहीं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें धामण मारणें वा पाळणें गुन्हा आहे. तिची जागा शेतांतच आहे. उंदराच्या ज्या बिळांत मांजराचा पंजा पोंचत नाहीं, तेथें ती शिरते.

घरांत आलीच तर दार उघडें ठेवून माणसांनीं व कुत्र्यांनीं बाजूस व्हावें. न गेल्यास वन खात्यास कळवावें.