वाद्यवृंदकार अँथनी गोन्साल्विस

सायंकाळी आपल्या सुभाष रोडवरून जाताना एखाद्या दुकानातून ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ सालच्या चित्रपटातील एक गमतीदार गीत कानी पडले, तर नवल नाही. त्यात नायक आपले नाव अँथनी गोन्साल्विस असे सांगतो. ते नाव कल्पित नव्हे. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंस दिलेली ती मानवंदना होय.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डा गावी झाला. वडील चर्चमधील गायकवृंदाचे शिक्षक होते. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. त्या विद्येचा मुंबईच्या चित्रसृष्टीस पुढे फार उपयोग झाला. १९४३ मध्ये गोन्साल्विस मुंबईस आले, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले आणि पुढे ‘अरेंजर’ झाले. संगीत दिग्दर्शकाने पेटीवर चाल ऐकवावी आणि कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवावे, हे अरेंजरने कागदावर उतरवावे, अशी ती पद्धत. रसिकांच्या तोंडी नाव राही ते मात्र दिग्दर्शकाचे! हा अन्यायच म्हटला पाहिजे.

परंतु त्यांचे मन गुंतले होते ते निराळ्याच कार्यात. आपले रागसंगीत पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यावे, हा त्यांचा ध्यास. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. सारंग रागात त्यांनी व्हायोलिनसाठी कॉन्चेर्टो रचला. हे काम किती अवघड, ते धारवाडच्या विद्यार्थ्यांस सहज उमगेल. आपल्या रागात स्वर एकामागून एक येतात; पाश्चात्त्य पद्धतीत तीन-चार स्वर एकदम वाजतात. तेथील अगदी प्राथमिक स्वरसंघ म्हणजे सा, ग, प. पण सारंगात गंधार वर्ज्य! तो घ्यावा तर राग बिघडतो, न घ्यावा तर संघ अपुरा राहतो. धैवतही वर्ज्य असल्याने मध्यमावरील संघाचीही तीच गत. अशा कोंडीत सापडूनही ज्याने लेखणी खाली ठेवली नाही, त्याचे धाडस थोरच.

१९६५ साली ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. नंतर ते माजोर्ड्यास परतले. ते गीत घरोघरी पोहोचले, तेव्हा चित्रसृष्टीशी त्यांचा संबंध उरला नव्हता. २०१२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.