घटक ५ : वादविषयाची मांडणी – दुकानांनी रोख रक्कम नाकारावी काय?

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला एखाद्या सामाजिक प्रश्नातील नेमका वादविषय वेगळा काढता येईल, कारणांचे वजन ओळखून ती मांडता येतील आणि आपला निष्कर्ष पुराव्याशी जोडून लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शालेय जीवनात तुम्ही ‘विज्ञान : शाप की वरदान?’ या धाटणीचे निबंध लिहिले असतील. पहिले पान वरदानाचे, दुसरे शापाचे आणि शेवटी ‘सारे काही वापर करणाऱ्यावर अवलंबून आहे’ असे एक वाक्य, हा त्यांचा ठरलेला साचा. लेखकाने काहीही न ठरवता निबंध पुरा होतो, ही त्या साच्याची सोय आहे आणि हाच त्याचा दोषही आहे. पदवीच्या पातळीवर वैचारिक लेखन करताना हा साचा सोडावा लागतो. तो कसा सोडावा, हे आपण एका चालू प्रश्नाच्या आधारे पाहू.

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी मराठी मुलखातील किराणा दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या टांगलेली आहे. या पाटीच्या जगात रोख देणारे गिऱ्हाईक सर्वांत सन्मानाचे होते. आता मोठ्या शहरांतील काही उपाहारगृहांत व दुकानांत ‘येथे रोख रक्कम स्वीकारली जात नाही’ अशी पाटी दिसू लागली आहे. दोन पाट्यांमधील हे अंतर केवळ तंत्रज्ञानाचे आहे काय, हे तपासणे हा आपला विषय आहे.

५.२ प्रश्न नेमका कोणता?

या विषयावरील विद्यार्थ्यांच्या निबंधांत सर्वाधिक आढळणारी चूक माहितीची नसते, ती प्रश्नाच्या सीमारेषेची असते. एकाच शीर्षकाखाली तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. लोकांनी मोबाइलवरून अधिक व्यवहार करावेत काय, हा पहिला. काळा पैसा रोखण्यासाठी शासनाने चलनातील रोकड कमी करावी काय, हा दुसरा. दुकानदाराला समोर धरलेली नोट नाकारण्याची मुभा असावी काय, हा तिसरा. आपला प्रश्न तिसरा आहे.

हा भेद का महत्त्वाचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भारतीय समाजाने जवळजवळ देऊन टाकले आहे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय प्रणालीवर ऑगस्ट २०२३ मध्ये प्रथमच एका महिन्यात एक हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. कोणी कोणाला रोकड घेण्यास मनाई केली नव्हती; सोय पटली, लोकांनी स्वीकारली. दुसऱ्या प्रश्नावर ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी हा मोठा प्रयोग होऊन गेला. मूल्याच्या हिशेबाने सुमारे ८६ टक्के चलन त्या रात्री बाद ठरले आणि रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालानुसार त्यातील ९९.३ टक्के नोटा बँकांत परत आल्या. त्या वेळी चलनात सुमारे १७.७ लाख कोटी रुपयांच्या नोटा होत्या. मार्च २०२५ अखेर हा आकडा ३६ लाख कोटींच्या वर गेला होता. यूपीआय वाढले आणि रोकडही वाढली. तेव्हा ‘यूपीआय लोकप्रिय आहे, म्हणून दुकानांनी रोकड बंद करावी’ हे विधान पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्याला चिकटवते. एखादी वाट बहुसंख्यांना आवडते, एवढ्यावरून दुसरी वाट बंद करण्याचे समर्थन होत नाही.

तुमची प्रगती तपासा – १ : ‘मोबाइलने पैसे देणे अधिक जलद आहे’ हे विधान वरीलपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे? दोन वाक्यांत कारण द्या.

५.३ दुकानदाराची बाजू

प्रतिपक्षाची बाजू त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या ताकदीने मांडावी, हा वैचारिक लेखनाचा पहिला शिष्टाचार. रोकड नको म्हणणारा दुकानदार आळशी किंवा निष्ठुर आहे असे गृहीत धरू नका. गल्ल्यातील रक्कम रोज रात्री मोजावी लागते, ती बँकेपर्यंत न्यावी लागते, वाटेत चोरीची धास्ती असते. बनावट नोट आली तर तोटा त्याचाच. सुट्ट्या पैशांची टंचाई तर इतकी जुनी की रुपया-दोन रुपयांऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेट ठेवण्याची रीतच पडून गेली. नोकर गल्ल्यावर बसतो तेथे हिशेबाचा संशय दोघांनाही छळतो. शिवाय १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही.

आणखी एक मुद्दा फेरीवाल्यांचा आहे. २०२० मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या पीएम स्वनिधी योजनेत पहिले कर्ज दहा हजारांपर्यंतचे होते आणि डिजिटल व्यवहार करणाऱ्याला काही रक्कम परत मिळण्याची सोय होती. ज्याच्या उलाढालीचा कागदावर मागमूस नाही त्याला बँक दारात उभी करत नाही. डिजिटल नोंद ही त्याची पत होऊ शकते.

मात्र हीच नोंद दुधारी आहे. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतील अनेक छोट्या विक्रेत्यांना यूपीआयवरील उलाढालीच्या आधारे वस्तू व सेवा कराच्या नोटिसा आल्या, तेव्हा त्यांपैकी कित्येकांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. कर चुकवावा असे येथे सुचवायचे नाही. ‘दुकानदारांना रोकड नकोच आहे’ हे सरसकट विधान मात्र टिकत नाही, एवढे या घटनेवरून दिसते. सकाळच्या भवानीची नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकणारा विक्रेता आजही कोणत्याही मंडईत भेटतो.

५.४ नाव न विचारणारा पैसा

आता विरुद्ध बाजू. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेक लेखनात ‘वृद्धांना मोबाइल वापरता येत नाही’ या एका वाक्यावर ही बाजू संपते. ते वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. वृद्धांना शिकवता येईल असे उत्तर त्याला लगेच मिळते.

हातात एखादी नोट घ्या. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरने दिलेले वचन ‘धारकाला’ उद्देशून आहे. भाषेचे अभ्यासक म्हणून या शब्दाकडे पाहा. धारक म्हणजे जो धरून आहे तो. त्याचे नाव, गाव, खाते, वय यांपैकी काहीही या शब्दात येत नाही. नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांत मूल्य छापलेले असते, त्यांत मराठी आहे. धारकाला ओळख सांगावी लागत नाहीच, उलट नोट त्याच्या भाषेत स्वतःची ओळख सांगते. मोबाइलवरून पैसे दिले की मात्र देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याच्या पडद्यावर उमटते. आपल्या समाजात नाव आणि आडनाव पुष्कळ काही सांगतात, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

बलुतेदारीच्या व्यवस्थेत कामाचा मोबदला धान्याच्या रूपाने, ठरलेल्या घरांकडून, ठरलेल्या जातीला मिळत असे. तो मोबदला माणसाला त्याच्या गावाशी आणि स्थानाशी बांधून ठेवी. रोख मजुरी मिळू लागली तेव्हा तिच्या मोबदल्यात काय घ्यावे आणि कोठून घ्यावे, हे मजूर ठरवू लागला. रोकडीने अस्पृश्यता संपवली नाही. अस्पृश्याच्या हातचे नाणे पाणी शिंपडून उचलणारे दुकानदारही होतेच. पण अनोळखी शहरात तेच नाणे मूकपणे काम करीत असे, ही सवलत लहान नव्हती.

दुसरे उदाहरण घरातले आहे. डाळीच्या किंवा पोह्यांच्या डब्यात तळाशी ठेवलेल्या नोटा ही अनेक स्त्रियांची एकमेव स्वतःची पुंजी. नोटाबंदीच्या काळात अशा कित्येक पुरचुंड्या घरातील पुरुषांसमोर उघड कराव्या लागल्या. घरात मोबाइल एकच असेल आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल, तर रोकड नाकारणारे दुकान त्या बाईला वस्तू नाकारत नाही, तिला ती एकटीने विकत घेणे नाकारते. दुकानदाराच्या मनात तसा हेतू नसेल; परिणाम तोच होतो.

५.५ यंत्रणा थांबते तेव्हा

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. व्यापाऱ्यांना कार्ड स्वीकारणारी यंत्रे मिळाली, समारंभ झाला. वर्षभराने वार्ताहर पुन्हा तेथे गेले तेव्हा बाजार बराचसा रोखीकडे परतलेला होता. गावकऱ्यांना तंत्रज्ञान नको होते असा याचा अर्थ नाही. यंत्राला जोडणी लागते, विजेची हमी लागते, आणि ती घोषणेबरोबर येत नाही.

शहरेही यातून सुटलेली नाहीत. १२ एप्रिल २०२५ या शनिवारी यूपीआय सेवा देशभर काही तास विस्कळीत झाली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्पेन व पोर्तुगालमध्ये वीज गेली आणि खिशात नोटा असलेल्यांनाच पाणी व पाव विकत घेता आला. युरोपातील पहिल्या कागदी नोटा १६६१ मध्ये ज्या स्वीडनमध्ये निघाल्या, त्या देशात आज दुकाने सर्रास रोकड नाकारतात. परंतु संकटकाळासाठी शासनाने २०२४ मध्ये घरोघरी पाठवलेल्या पुस्तिकेत निदान आठवडाभर पुरेल इतकी रोकड जवळ ठेवण्याचा सल्ला आहे. घरी ठेवलेली ही रोकड घेणारे दुकान संकटाच्या दिवशी कोठून उगवणार, असा प्रश्न वाचकाने विचारावा.

५.६ कायद्याची साक्ष

रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया अधिनियम, १९३४ च्या कलम २६ नुसार बँकनोट भारतात कोणत्याही ठिकाणी वैध चलन आहे. नाणे अधिनियम, २०११ नुसार एक रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहेत. यावर असा युक्तिवाद केला जातो की वैध चलन हे आधी निर्माण झालेले देणे फेडण्यासाठी असते. खरेदीपूर्वी दुकानदार अटी घालू शकतो. खानावळीत जेवून झाल्यावर बिल येते तेव्हा देणे निर्माण झालेले असते. साबणाची वडी अजून फळीवर असते तेव्हा ते नसते. भेद बारीक आहे, पण निबंधात त्याची दखल न घेता ‘नोट नाकारणे बेकायदा आहे’ असे ठोकून देऊ नका.

हा भेद पुसण्यासाठी काही ठिकाणी स्वतंत्र कायदे झाले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७८ पासून किरकोळ दुकानांनी रोकड घेणे बंधनकारक आहे; फिलाडेल्फिया शहराने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्क शहराने २०२० मध्ये तसेच केले. नॉर्वेत १ ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकाचा हा हक्क अधिक स्पष्ट झाला. तेथे अपवादही लिहिलेले आहेत : वीस हजार क्रोनरपेक्षा मोठी रक्कम, विक्रीयंत्रे, माणूस नसलेली दुकाने. आपल्याकडेही प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम २६९ एसटीने दोन लाख वा अधिक रक्कम रोखीत स्वीकारण्यास मनाई केली. मोठी रोकड रोखणे आणि छोटी रोकड वाचवणे यांत विसंगती नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

५.७ लेखनाकडे वळताना

प्रस्तुत लेखकाचे मत असे : जीवनावश्यक वस्तू विकणाऱ्या आणि गल्ल्यावर माणूस असलेल्या दुकानाला छोटी रोख रक्कम नाकारण्याची मुभा नसावी. या मताची एक किंमत आहे आणि ती लपवू नये. रोकड मोजण्याचा व सांभाळण्याचा भार एकट्या दुकानदारावर पडतो. म्हणून बँकांनी सुट्टी नाणी सहज द्यावीत आणि छोट्या भरण्यावर शुल्क घेऊ नये, ही मागणी याच मताचा भाग म्हणून लिहावी लागेल. तुम्हांला हे मत पटलेच पाहिजे असे नाही. विरुद्ध लिहिणार असाल तर ५.४ मधील बाईला उत्तर द्या. तिला वगळून लिहिलेला निबंध कितीही सफाईदार असला तरी त्याला गुण देणे कठीण जाईल.

स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील तीन दुकानदारांशी बोला. ते रोकड व मोबाइल यांपैकी काय पसंत करतात आणि का, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. या नोंदींवर आधारित तीनशे शब्दांचा परिच्छेद लिहा.

२. ‘रोकड’, ‘खुर्दा’, ‘मोड’, ‘चिल्लर’, ‘सुट्टे’ या शब्दांच्या अर्थच्छटा वाक्यांत उपयोग करून स्पष्ट करा. यांपैकी कोणते शब्द तुमच्या घरात अजून वापरात आहेत?

३. दुकानदाराच्या बाजूने, प्रथमपुरुषी निवेदनात, या घटकातील लेखकाच्या मताचे खंडन करा. (५०० शब्द)