रेंगाळणारा ताप आणि गोठा

ताप दोन-तीन आठवडे हटत नसेल, तर मी रुग्णाला हमखास विचारतो, ‘घरी गुरे आहेत का? गेल्या काही महिन्यांत एखादी गाय-म्हैस गाभडली का?’ तापाचा आणि गोठ्याचा काय संबंध, असे रुग्णाला वाटते. पण संबंध असू शकतो. त्या रोगाचे नाव ब्रुसेलोसिस.

ब्रुसेला जिवाणूंमुळे गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या गाभडतात. गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, पुष्कळदा वारही अडकते. ती वार, मेलेले वासरू आणि अंगावरून जाणारा स्राव यांत जिवाणू प्रचंड संख्येने असतात. ते दुधातही उतरतात. माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली हा जिवाणू शोधला. तो शेळ्यांत असतो, हे झामिट यांनी १९०५ साली दाखवले. पुढच्याच वर्षी तेथील सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद केले आणि रुग्ण झपाट्याने घटले.

लागण झाल्यावर लक्षणे दिसायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. ताप चढतो-उतरतो, रात्री दरदरून घाम येतो, कंबर व सांधे दुखतात, थकवा जात नाही. पुरुषांत कधी वृषणाला सूज येते. टायफॉइड, मलेरिया किंवा क्षय समजून उपचार होत राहतात. रक्ताच्या विशेष तपासणीने निदान होते.

रोग बरा होतो. सहसा डॉक्सिसायक्लिनबरोबर दुसरे एक प्रतिजैविक देतात आणि उपचार किमान सहा आठवडे चालतो. ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या, तर रोग उलटण्याची भीती असते.

माणसांसाठी या रोगाची लस नाही. म्हणून काळजी गोठ्यातच घ्यावी :

• अडकलेली वार उघड्या हाताने काढू नका, पशुवैद्यांना बोलवा.
• गाभडलेले वासरू व वार हातमोजे घालून खोल पुरा, वर चुना टाका. कुत्र्यांपुढे टाकू नका.
• धारोष्ण दुधाने ताकद येते म्हणून ते पिऊ नका. दूध उकळूनच प्या.
• चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना पशुवैद्यांकडून लस टोचून घ्या.

आणि ताप रेंगाळला, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी गोठ्यातली हकिगत आपणहून सांगा.