लाकडाचा आवाज : परदेशी भिक्खूंच्या नजरेतील आपले दैनंदिन जीवन

परक्या देशात गेलेला माणूस प्रथम काय पाहतो? राजवाडे आणि मंदिरे तो पाहतोच. परंतु त्याच्या मनात खोल रुततात त्या गोष्टी वेगळ्याच असतात. लोक जेवायला कसे बसतात, पाणी कोठून भरतात, बाजारात काय मांडतात, वाटेवर कोण कोणासाठी बाजूला होतो, याकडे त्याचे लक्ष आपोआप जाते. त्याच गावात जन्मलेल्या माणसाला मात्र यांपैकी काहीच दिसत नाही. जे रोजचे असते, ते टिपून ठेवावे असे कोणालाच वाटत नाही.

आपल्या प्राचीन इतिहासाची मोठी उणीव हीच आहे. राजांनी आपली स्तुती दगडांवर आणि ताम्रपटांवर कोरून घेतली. परंतु साधा माणूस दात कशाने घासत होता, आजारी पडल्यावर कोठे जात होता, हे त्या लेखांतून क्वचितच कळते. यांपैकी बरेच काही आपल्याला कळते ते चीनहून आलेल्या तीन बौद्ध भिक्खूंमुळे. भन्ते फाहियान, भन्ते ह्युएन त्संग आणि भन्ते इत्सिंग ही ती तीन नावे. आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेसाठी लेख लिहिताना मी हा विषय निवडला, त्यामागे वर्गातील एक प्रसंग आहे. तो पुढे सांगेन. आधी या तिघांची ओळख करून घेऊ.

वाळवंट ओलांडून आलेला विद्यार्थी

भन्ते फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआन नगरातून निघाले. चीनमध्ये विनयाचे ग्रंथ अपुरे व खंडित स्वरूपात उपलब्ध होते; ते पूर्ण मिळवावेत एवढाच त्यांचा हेतू होता. ज्या वाळवंटातून ते आले, तेथे मृतांची हाडे हीच वाटेची खूण होती, असे त्यांनी नोंदवले आहे. बर्फाच्या डोंगरात एक सोबती त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. मध्यदेशापर्यंत पोहोचायला सहा वर्षे लागली. पाटलिपुत्रात तीन वर्षे राहून ते संस्कृत शिकले आणि हस्तलिखिते उतरवून घेतली. पुढे ताम्रलिप्ती व श्रीलंका येथे प्रत्येकी दोन वर्षे राहून ते समुद्रमार्गे मायदेशी परतले. श्रीलंकेत एका व्यापाऱ्याने बुद्धमूर्तीपुढे वाहिलेला चिनी पांढऱ्या रेशमाचा पंखा पाहून त्यांचे डोळे भरून आले. वर्षानुवर्षे घरापासून दूर राहिलेल्या माणसाची ही एकच नोंद वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला समजेल.

तो काळ गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताचा होता. गंमत अशी, की फाहियान यांनी त्या राजाचे नावही लिहिलेले नाही. त्यांनी लिहिले ते लोकांविषयी. मध्यदेशातील लोक सुखी आहेत. कोणाच्या घरादाराची सरकारदरबारी नोंद करावी लागत नाही. राजाची जमीन कसणारेच तेवढे उत्पन्नाचा वाटा देतात. वाटेल तेथे जावे, वाटेल तेथे राहावे. गुन्ह्याला देहदंड नाही, दंड रकमेचा असतो. बाजारात कवड्या चालतात. पाटलिपुत्रात धनिकांनी औषधशाळा उघडल्या आहेत. तेथे गरीब, अनाथ, अपंग व रोगी यांना अन्न आणि औषध मोफत मिळते.

शालेय पाठ्यपुस्तकांतून ‘सुवर्णयुग’ म्हणून जे आपण वाचत आलो, त्याचा मोठा आधार ही वर्णने आहेत.

पाण्याचे दोन घडे आणि बारा बोटांची काडी

भन्ते इत्सिंग यांचा क्रम काळाने शेवटचा. परंतु दैनंदिन जीवनाच्या दृष्टीने त्यांचा ग्रंथ सर्वांत बारकाईचा आहे. इ. स. ६७१ मध्ये ते समुद्रमार्गे निघाले, सुमारे दहा वर्षे नालंदा महाविहारात राहिले आणि परतीच्या वाटेवर सुमात्रा बेटावर त्यांनी आपला वृत्तान्त लिहिला. त्याची चाळीस प्रकरणे आहेत आणि त्यांतील बहुतेक विषय भिक्खूंच्या दिनचर्येचे आहेत.

पिण्याचे पाणी मातीच्या घड्यात आणि धुण्याचे पाणी तांब्याच्या किंवा लोखंडाच्या घड्यात, असे दोन वेगळे घडे असावेत. पाणी गाळूनच वापरावे, म्हणजे त्यातील जीव मरणार नाहीत. दात घासण्याची काडी बारा बोटे लांब असावी. जेवणापूर्वी हातपाय धुवावेत आणि प्रत्येकाने वेगळ्या, लहान आसनावर बसावे. नालंदेजवळ दहाहून अधिक मोठी तळी होती. रोज सकाळी घंटा वाजली की भिक्खू स्नानाला निघत. दिवसाचे प्रहर जलघटिकेने मोजले जात.

आपल्या वसतिगृहातही पहाटे घंटा वाजते, बादल्यांची रांग लागते आणि दात घासताना गप्पा मारणाऱ्यांना ओरडावे लागते. माजी विद्यार्थ्यांना ते आठवत असेलच. शिक्षणाचे स्थान म्हणजे केवळ ग्रंथ नव्हेत. स्वच्छता, वेळ आणि सहजीवन यांची शिस्त हेही शिक्षणच, हे नालंदेला तेराशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

महाराष्ट्राने दिसावे तसे

या दोघांच्या मधल्या काळात, इ. स. ६२९ ते ६४५ या वर्षांत, भन्ते ह्युएन त्संग यांचा प्रवास झाला. ते महाराष्ट्रातही आले होते. त्या वेळी येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची सत्ता होती आणि उत्तरेच्या हर्षवर्धनाला त्याच्यावर विजय मिळवता आला नव्हता. येथील लोक उंच, साधे, प्रामाणिक पण मानी आहेत. उपकार करणाऱ्याचे ते ऋण विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. सूड घ्यायला निघाले तरी शत्रूला आधी कळवतात, असे त्यांनी लिहिले आहे. हरलेल्या सेनापतीला शिक्षा देत नाहीत, स्त्रियांची वस्त्रे देतात, अशीही त्यांची नोंद आहे. येथे शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू होते. एका डोंगरातील विहाराच्या दारी असलेल्या दगडी हत्तींचे त्यांनी केलेले वर्णन अभ्यासक अजिंठ्याशी जोडतात.

हे वाचताना आपली छाती फुगते. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने छाती फुगली की तेथेच थांबून पुढची ओळ वाचावी, असे मी अनुभवाने शिकलो आहे.

वगळलेली ओळ

मध्यदेशाच्या त्याच सुखी वर्णनात फाहियान यांनी आणखी काही लिहिले आहे. चांडाळ लोक इतरांपासून वेगळे राहतात. नगरात किंवा बाजारात शिरताना ते लाकडाचा तुकडा वाजवतात. तो आवाज ऐकून इतर लोक त्यांच्यापासून दूर होतात.

सुमारे सव्वादोनशे वर्षांनी ह्युएन त्संग यांनी लिहिले, की खाटीक, कोळी, नट, फाशी देणारे आणि सफाई करणारे यांची घरे खूण करून वेगळी ठेवली आहेत. त्यांना नगराबाहेर राहावे लागते आणि वस्तीतून जाताना वाटेच्या डाव्या बाजूने अंग चोरून जावे लागते. त्यानंतर आलेल्या इत्सिंग यांनी नोंदवले, की मैला उचलणारे लोक काठी वाजवत चालतात आणि चुकून त्यांचा स्पर्श झाला तर लोक स्वतःला व आपल्या वस्त्रांना धुऊन घेतात.

तीन प्रवासी, जवळजवळ तीनशे वर्षांचा काळ, आणि लाकडाचा तोच आवाज.

मी अनेक वर्षे सुवर्णयुगाचा धडा शिकवला. औषधशाळा सांगितल्या, कवड्या सांगितल्या. ही ओळ मला एम. ए. च्या अभ्यासापासून ठाऊक होती, तरी ती मी सांगत नसे. परीक्षेत ती येत नाही, असे स्वतःला समजावीत असे. खरे कारण वेगळे होते. माझ्या आजोबांचे घर गावकुसाबाहेर होते. वर्गासमोर ती ओळ वाचताना माझा आवाज बदलेल, याची मला भीती वाटत असे.

एके वर्षी मी ती वाचली. वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरील एका वारली मुलीने हात वर केला आणि विचारले, “सर, त्या प्रवाशाने त्यांना काही विचारलं नाही का?”

मला उत्तर देता आले नाही. वृत्तान्तात तसे काही नाही. राज्याची व्यवस्था, विहारांची संख्या, औषधशाळांचे दान हे सारे त्यांनी आस्थेने जाणून घेतले. लाकूड वाजवणाऱ्याजवळ थांबल्याची मात्र नोंद नाही. फाहियान आपल्याला वंदनीय आहेत. त्यांच्यासारख्यांनी नेलेल्या ग्रंथांमुळे धम्माचे कितीतरी साहित्य जगात टिकले. परंतु वंदन करताना डोळे मिटले, तरी अभ्यास करताना ते उघडेच ठेवावे लागतात. तथागतांनी सुनीत नावाच्या सफाई करणाऱ्याला संघात घेतले होते, हे आपण मुलांना सांगतो. मग त्याच तथागतांच्या अनुयायाने लाकडाचा आवाज ऐकून पुढे चालावे, ही गोष्ट आपल्याला बोचलीच पाहिजे.

बाबासाहेबांनी ही ओळ कशी वाचली

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात या प्रवासवृत्तांचा पुरावा म्हणून उपयोग केला. त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. फाहियान यांची नोंद हाती लागताच त्यांनी ‘अस्पृश्यता सिद्ध झाली’ असे म्हटले नाही. चांडाळांना ब्राह्मणी व्यवस्था पूर्वीपासूनच नीच मानीत होती; तेव्हा केवळ चांडाळांविषयीच्या नोंदीवरून सर्वसाधारण अस्पृश्यतेचा निष्कर्ष काढता येत नाही, अशी शंका त्यांनी स्वतःच उपस्थित केली. ह्युएन त्संग यांच्या नोंदीत चांडाळांखेरीज इतर समूहही येतात, म्हणून ती त्यांना अधिक निर्णायक वाटली. सर्व पुरावे तोलून त्यांनी अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास ठरवला आणि त्याचा संबंध बौद्ध धम्म व ब्राह्मणी धर्म यांच्यातील संघर्षाशी जोडला. या कालनिर्णयाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. आपल्या बाजूचा पुरावाही तपासल्याशिवाय स्वीकारू नये, हा त्यातील धडा मात्र वादातीत आहे.

स्वतः बाबासाहेबही परक्या देशात गेलेले प्रवासी होते. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिले. १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी उतरले आणि राहायला जागा कोठे मिळणार, या प्रश्नाने ती जाणीव परत आली. एका देशाचे दैनंदिन जीवन दुसऱ्या देशाच्या दैनंदिन जीवनाशेजारी ठेवले, की जे नैसर्गिक वाटत होते ते माणसाने रचलेले आहे, हे दिसू लागते.

पुढे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या. परदेशी माणसाला अस्पृश्यता असते हे माहीत असते, पण ती रोज कशी भोगावी लागते हे कळत नाही. म्हणून त्यांनी प्रसंग सांगितले. मसूर स्थानकावर उतरलेली लहान मुले, बैलगाडी, न मिळालेले पाणी. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. प्रवाशाने विचारले नाही, तेव्हा पंधराशे वर्षांनी लाकूड वाजवणाऱ्यांच्या वंशजाने स्वतःच लेखणी घेतली आणि प्रवाशाला सांगितले.

झरीची गोष्ट

आपल्या झरीलाही हे नवे नाही. वारली समाजाविषयी बाहेरून आलेल्यांनी पुष्कळ लिहिले. गोदावरी परुळेकर या भागात आल्या त्याही बाहेरूनच. परंतु त्या पाड्यापाड्यांत राहिल्या, लोकांना विचारले आणि ऐकले. वेठ काय असते, लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोने जमीनदाराकडे राबणारी लग्नगडी प्रथा काय असते, हे त्यांनी भोगणाऱ्यांच्या तोंडून समजून घेतले. २३ मे १९४५ रोजी याच झरी गावात हजारो वारली एकत्र आले आणि बारा आणे रोख रोजीशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करायचे नाही, असा निर्धार त्यांनी केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड व त्यांचे साथी हुतात्मे झाले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे परुळेकरांचे पुस्तक त्यानंतर पंचवीस वर्षांनी आले. म्हणजे आधी माणूस जागा झाला, मग पुस्तक झाले.

फाहियान यांची एक गोष्ट मात्र आपण जरूर घ्यावी. दक्षिणापथातील डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णन करताना ते स्पष्ट सांगतात, की वाट बिकट असल्याने आपण तेथे गेलो नाही; तेथील लोकांनी सांगितले ते लिहिले आहे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा सोळाशे वर्षांनंतरही दुर्मीळ आहे.

म्हणून आता हा धडा शिकवल्यावर मी मुलांना सुट्टीचा एक अभ्यास देतो. आपल्याच पाड्यात परदेशी पाहुण्यासारखे एक दिवस वावरा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा : पाहिले, ऐकले, विचारले. पाणी कोण भरते, शेवटी कोण जेवते, कोणाच्या घरी कोण बसत नाही, कामासाठी कोण गुजरातेत गेले आहे, हे लिहा. पहिले दोन रकाने मुले भराभर भरतात. तिसरा रकाना भरायला धीर लागतो, कारण आईला ‘तू शेवटी का जेवतेस’ असे विचारावे लागते.

पालकांना विनंती आहे, की मुलांनी असे काही विचारले तर रागावू नका. त्यांना उत्तर द्या. आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी काही जण आता वापी, मुंबई आणि त्याहूनही दूर राहतात. तेथील रोजचे जीवन आम्हाला लिहून कळवा. फक्त एक लक्षात ठेवा : जेथे जाल तेथे लाकडाचा आवाज आज वेगळ्या रूपात येत असेल. तो आला, तर बाजूला होऊ नका; थांबा आणि विचारा.

जय भीम.