वराहनगरचे घर

१६ ऑगस्ट १८८६ रोजी काशीपूरच्या उद्यानगृहात श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. तेथे सेवेसाठी राहिलेले बहुतेक तरुण शिष्य आपापल्या घरी परतू लागले. पण थोरले गोपाल, तारक आणि लाटू कुठे जाणार? गोपालदा पन्नाशी उलटलेले, पत्नीवियोगाच्या दुःखातच ठाकुरांकडे आलेले. तारकही विधुर. लाटू तर बिहारमधल्या छपराकडचा, लहानपणीच आईवडील गमावलेला, कलकत्त्यात घरकामाला राहिलेला मुलगा.

वराहनगर मठाचा अभ्यास करताना आपण नरेंद्रनाथांच्या वैराग्यापासून सुरुवात करतो. वास्तविक सुरुवात या तिघांच्या निवाऱ्यापासून करायला हवी. गृहस्थ भक्त सुरेंद्रनाथ मित्र यांनी भाड्याचा भार उचलला. या मुलांना राहायला जागा होईल आणि आम्हा संसारी माणसांनाही घटकाभर शांती मिळेल, ही त्यांची भावना. म्हणजे शोक त्यांनाही होताच.

घर गंगेजवळचे, पडके, सापांचे. तेथे भूत आहे अशी वदंता होती, म्हणूनच ते स्वस्तात मिळाले. पुढे नरेंद्र, राखाल, शशी, शरत् असे एकेक येत गेले. शशी आणि शरत् चुलतभाऊ. बाकीच्यांचे एकमेकांशी रक्ताचे नाते नव्हते. वयात, जातीत, शिक्षणात केवढे अंतर! कॉलेजात शिकलेल्यांच्या पंगतीला अक्षरओळख नसलेला लाटू. ही मंडळी एकमेकांना गमतीने शिवाचे भूतगण म्हणत आणि मोठ्या खोलीचे नावही ‘दानांची खोली’, म्हणजे भुतांची खोली, असे पडले होते. शोकाच्या घरातही थट्टा चालते, हे साधकाने मुद्दाम लक्षात घ्यावे.

खायला कधी नुसता भात, कधी सोबत मीठ, कधी तोंडल्याच्या वेलीचा उकडलेला पाला. बाहेर जाण्याजोगे कापड सर्वांत मिळून एकच. ज्याला काम असेल त्याने ते नेसावे.

या घराची आई म्हणजे शशी. गुरूंच्या वियोगाबद्दल ते फार बोलले असतील असे वाटत नाही. त्यांचा शोक हाताच्या कामात उतरला होता. गुरुदेव समोर बसले आहेत अशा भावाने ते नैवेद्य दाखवत, पंखा घालत. पैसे संपले तेव्हा काही काळ त्यांनी शाळेत शिकवले. आणि जेवण तयार झाले की ते प्रत्येकाला हाका मारत फिरत. ध्यानातून कोणी उठत नसेल, तर त्याला हाताला धरून पानावर आणून बसवत.